हप्ता मालकाचा, कर नोकराचा

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्याच्या पगाराच्या स्लिपवर एका कोपऱ्यात टॅक्स कोड छापलेला असतो. बहुतेकांचा कोड असतो १२५७एल. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर आयकर नाही, आणि त्या आकड्याचा शेवटचा अंक गाळून हा कोड तयार होतो. कंपनीने दातांचा विमा काढून दिला की काही महिन्यांनी हाच कोड गुपचूप १२४०एल होतो आणि हातात पडणारा पगार महिन्याला दोन-तीन पौंडांनी उतरतो. रक्कम इतकी किरकोळ की पुष्कळांना पत्ताही लागत नाही. ज्यांना लागतो ते वैतागतात: कंपनीने फुकट दिलेल्या गोष्टीवर कर कसला? पुण्या-मुंबईहून बदलीवर गेलेल्या माणसाला तर हे जास्तच खटकावं. आपल्याकडे कंपनीने मान्यताप्राप्त आरोग्य विम्याचा हप्ता भरला, तर तो कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरला जात नाही. ऑफिसचा मेडिक्लेम ही पगाराबाहेरची गोष्ट आहे, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. माझ्या मते मात्र ब्रिटनचा नियम योग्य आहे. तक्रार करायचीच तर ती कर लागतो याबद्दल करू नये. तो धड दिसत नाही याबद्दल करावी, आणि ज्या विम्यावर तो लागतो तो न वाचता घेतला जातो याबद्दलही.

आधी हिशेब पाहू. समजा, कंपनी विमा कंपनीला माणशी वर्षाला १५० पौंड हप्ता देते. त्यावर सरकारचा १२ टक्के विमा-हप्ता कर, म्हणजे आणखी १८ पौंड. कंपनीचा खर्च झाला १६८ पौंड आणि आयकर खातं तुमच्या उत्पन्नात हेच १६८ पौंड मिळवतं. म्हणजे एका कराच्या रकमेवर दुसरा कर बसतो, पण ते तूर्त सोडून देऊ. २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला वर्षाला ३३ पौंड ६० पेन्स पडतात, महिन्याला २ पौंड ८० पेन्स. वर्षाला ५०,२७० पौंडांपेक्षा जास्त कमावणाऱ्याला ४० टक्क्यांनी ६७ पौंड २० पेन्स. स्कॉटलंडमध्ये दर वेगळे आहेत, हिशेबाची रीत तीच. कंपनीलाही या रकमेवर नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे सामाजिक सुरक्षेची, वर्गणी भरावी लागते. एप्रिल २०२५पासून ती १५ टक्के आहे, म्हणजे २५ पौंड २० पेन्स. कंपनीने बायकोमुलांनाही विम्यात घेतलं असेल, तर त्यांच्या हप्त्यावरचा करही कर्मचाऱ्याच्याच माथी. उलट हप्त्याचा काही भाग पगारातून तुमच्याकडून कापून घेतला जात असेल, तर तेवढी रक्कम करपात्र रकमेतून वजा होते. हा कर हप्त्यावर आहे, क्लेमवर नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. वर्षभरात रूट कॅनॉल, दोन फिलिंग आणि एक कॅप असा आठशे पौंडांचा क्लेम मिळाला, तरी कर १६८ पौंडांवरच. आणि वर्षभर डेंटिस्टसमोर तोंड उघडलं नाही, तरीही १६८ पौंडांवरच.

कंपनीने विम्याऐवजी तेच १६८ पौंड पगारात दिले असते तर? त्यातून २० टक्के आयकर आणि कर्मचाऱ्याची ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स वर्गणी गेली असती आणि हातात उरले असते १२० पौंड ९६ पेन्स. विम्याच्या रूपात ती ८ टक्के वर्गणी कापली जात नाही. म्हणजे कर लागूनही हा लाभ रोख पगारापेक्षा थोडा स्वस्तच पडतो. अट एवढीच, की विम्याचा करार कंपनीने स्वतः केलेला असावा. पॉलिसी तुमच्या नावाने तुम्हीच घेतली आणि कंपनीने तिचा हप्ता परस्पर भरला, तर तुमची नॅशनल इन्शुरन्स वर्गणीही कापली जाते. आणि हप्ता तुम्ही भरून कंपनीकडून पैसे परत घेतले, तर ती रक्कम सरळ पगारच समजली जाते. विमा तोच, दात तेच, फक्त सही कोणाची यावर करआकारणी बदलते. नवी नोकरी धरताना ‘आम्ही डेंटलचे पैसे देतो’ असं कोणी म्हणालं, तर पैसे कोणत्या वाटेने येणार ते विचारून घ्यावं.

आता मूळ प्रश्न. वस्तू किंवा सेवा म्हणून मिळालेल्या गोष्टीला उत्पन्न का म्हणायचं? हा प्रश्न ब्रिटिश कायद्याला शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच पडला होता आणि त्याचं पहिलं उत्तर आज तक्रार करणाऱ्यांच्या बाजूचं होतं. स्कॉटलंडमधल्या माँट्रोझ गावी एका बँकेचा एजंट बँकेच्याच इमारतीत राहत असे. तिथे राहणं हा त्याच्या नोकरीचा भाग होता. ती जागा भाड्याने देण्याची त्याला मुभा नव्हती. त्या काळी वर्षाला ४०० पौंडांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला करात सूट मिळे. घराचे ५० पौंड धरले तर तो वर जात होता, न धरले तर खाली राहत होता. १८९२मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की जी गोष्ट पैशांत बदलता येत नाही ती करपात्र उत्पन्न नाही. माणसाच्या खिशातून खर्च वाचला म्हणजे खिशात पैसे आले असं होत नाही, असा त्यामागचा विचार. ऐकायला पटणारा आहे. पण पुढे त्याचा परिणाम काय झाला? १९६०च्या सुमारास एक प्रकरण कोर्टापुढे आलं: एका कंपनीने नाताळची भेट म्हणून कर्मचाऱ्यांना सूट शिवून दिले होते. त्यातला एक सूट १४ पौंड १५ शिलिंगांचा होता. कोर्टाने ठरवलं, की कर त्या किमतीवर नाही, तो सूट जुन्या बाजारात विकला तर जे येतील त्यावर लागेल, म्हणजे ५ पौंडांवर. अंगावर चढवलेल्या सूटचं निम्म्याहून अधिक मोल त्या क्षणी करापुरतं नाहीसं झालं.

हीच कसोटी दातांच्या विम्याला लावून पाहा. भरलेली दाढ जुन्या बाजारात विकता येत नाही. विम्याचं कार्ड शेजाऱ्याला देता येत नाही. म्हणजे करपात्र मोल शून्य. मग कंपन्या शहाणपणाने काय करतील? पगार वाढवण्याऐवजी घर देतील, कपडे देतील, मुलांची फी भरतील, आणि जितका पगार मोठा तितकी ही खिरापत मोठी. युद्धानंतर करांचे दर चढे असताना हेच होऊ लागलं, म्हणून १९४८च्या वित्त कायद्याने कंपन्यांचे संचालक आणि वर्षाला २,००० पौंडांहून जास्त कमावणारे यांच्यासाठी कसोटी बदलली. लाभाचं मोल तो विकून काय येईल यावर ठरणार नाही, मालकाने त्यासाठी किती खर्च केला यावर ठरेल. सूटवाला कर्मचारी या मर्यादेच्या खाली होता, म्हणून त्याला जुना नियम लागला. पुढे ही मर्यादा ८,५०० पौंडांवर येऊन १९७९पासून जी अडकली, ती २०१६मध्ये रद्द होईपर्यंत हलली नाही. महागाईने पगार वाढत गेले आणि साहेबांसाठी केलेला नियम हळूहळू सगळ्यांचा झाला. आज २००३च्या आयकर कायद्यात तीच कसोटी आहे. दातांच्या विम्यावर असा वेगळा कर नाहीच. मोकळीक दिलेली नाही इतकंच.

इथे पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. घर, सूट, गाडी ठीक आहे. दात दुखणं ही काय चैन आहे? त्यातून ब्रिटनमध्ये आरोग्यसेवा सरकारी आहे, मग दातांसाठी खासगी विमा घ्यायची पाळीच का यावी? आक्षेपाचा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा १९४८च्या जुलैमध्ये सुरू झाली तेव्हा दातांवरचे उपचारही मोफत होते. तीन वर्षांतच सरकारने कवळी आणि चष्म्यावर शुल्क बसवलं. एनएचएस उभी करणारे अन्यूरिन बेव्हन यांनी १९५१च्या एप्रिलमध्ये त्या मुद्द्यावर मंत्रिपद सोडलं. पुढच्याच वर्षी दातांच्या उपचारांवर सरसकट एक पौंडाचं शुल्क आलं. आज इंग्लंडमध्ये शुल्काचे तीन पट्टे आहेत. एप्रिल २०२५च्या दरांनी नुसत्या तपासणीचे २७ पौंड ४० पेन्स, फिलिंग किंवा रूट कॅनॉल किंवा दात काढायचा असेल तर ७५ पौंड ३० पेन्स, आणि कॅप, ब्रिज किंवा कवळीसाठी ३२६ पौंड ७० पेन्स. शिवाय एनएचएसचे रुग्ण घेणारा डेंटिस्ट सापडायला हवा. २०२४च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात असा एक दवाखाना सुरू झाला, तेव्हा नाव नोंदवायला शेकडो लोक रस्त्यावर रांग लावून उभे होते. अशा परिस्थितीत कंपनीच्या विम्याला चैन म्हणणं क्रूरपणाचं आहे.

पण त्यावरून हप्ता करमुक्त करावा हे निघत नाही. करमाफीचा पैसा जातो कोणाकडे? वरच्या उदाहरणात हप्ता करमुक्त केला तर ४० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला ६७ पौंड वाचतील, २० टक्क्यांतल्याला त्याच्या निम्मे. टॅक्सी चालवणारा, छोटा दुकानदार, कंत्राटी कामगार, बेकार यांना छदामही नाही, कारण त्यांना विमा देणारी कंपनीच नाही. ब्रिस्टलच्या रांगेतल्या ज्या माणसाकडे कंपनीचा विमा नाही, त्याच्या वाट्याला या सवलतीतलं काय येणार? गरज दाखवायची एकाची आणि सूट द्यायची दुसऱ्याला, असा हा प्रकार होईल. ब्रिटनने एकदा असा प्रयोग केलाही होता. १९९०पासून साठीपुढच्या लोकांच्या खासगी वैद्यकीय विम्याच्या हप्त्यावर करसवलत दिली गेली. १९९७च्या जुलैमध्ये नव्या सरकारने ती बंद केली. आजचा कायदा आरोग्याकडे अगदीच पाठ फिरवतो असंही नाही. वर्षातून एक वैद्यकीय तपासणी, संगणकावर काम करणाऱ्यांची डोळे-तपासणी, आणि सलग अठ्ठावीस दिवस आजारपणामुळे काम न करता आलेल्या माणसाला परत कामावर आणण्यासाठी ५०० पौंडांपर्यंतचे उपचार कंपनीने दिले तर त्यावर कर नाही. ही यादी पाहिली की तिच्यातला धागा दिसतो: या खर्चाचा कामाशी थेट संबंध आहे. घरच्या सगळ्यांच्या दातांच्या हप्त्याचा तसा संबंध दाखवता येत नाही.

दुसरा आक्षेप अमेरिका आणि कॅनडाकडे बोट दाखवून येतो. अमेरिकेत कंपनीने भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता, दातांचा धरून, करमुक्त आहे. त्याचं मूळ मात्र आरोग्य धोरणात नाही. दुसऱ्या महायुद्धात पगार गोठवले होते, कंपन्यांना माणसं हवी होती, विम्याला त्या बंधनातून मोकळीक मिळाली. १९५४च्या करसंहितेत ही सवलत कायमची झाली. कॅनडात केंद्राच्या आयकरात हा लाभ करमुक्त आहे, पण क्वेबेक प्रांताने १९९३मध्ये आपल्या प्रांतिक करापुरता तो करपात्र केला. त्यामुळे एक नैसर्गिक प्रयोगच घडून आला. अर्थतज्ज्ञ एमी फिंकेलस्टाइन यांनी २००२मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. करसवलत सुमारे ६० टक्क्यांनी घटल्यावर क्वेबेकमधलं कंपन्यांमार्फतचं पूरक विमासंरक्षण सुमारे एक पंचमांशाने कमी झालं आणि त्या घटीचा फार थोडा भाग लोकांनी स्वतंत्र विमा घेऊन भरून काढला. कर लावला की काही कंपन्या विमा सोडतात, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं या आकड्यांनी खरं ठरतं. माझ्या बाजूला हा पुरावा अडचणीचा आहे. तरी त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी: चार पंचमांश संरक्षण कर बसूनही टिकलं, म्हणजे सवलतीतला मोठा वाटा अशांना मिळत होता, ज्यांना सवलत नसतानाही विमा मिळालाच असता. आणि ज्यांच्याकडे विमाच नाही त्यांच्यासाठी कॅनडाला अखेर दुसरी वाट धरावी लागली. दातांचा विमा नसलेल्या आणि ९०,००० डॉलरच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी तिथे सरकारी दंतयोजना आली. नोकरीत दातांचा विमा मिळतो की नाही, याची नोंद आता तिथल्या कंपन्यांना कर्मचाऱ्याच्या वार्षिक करपत्रकात करावी लागते.

‘मी क्लेमच केला नाही, मग कर का?’ हा तिसरा आक्षेप कानावर सगळ्यात जास्त येतो आणि तो सगळ्यात लेचापेचा आहे. क्लेमवर कर लावला असता तर ज्याची दाढ ठणकते त्यालाच जास्त भरावं लागलं असतं. मात्र या आक्षेपामागे एक रास्त शंका दडलेली असते: या विम्याची मला गरज आहे का? तिथे थोडं थांबायला हवं. विमा हा अवचित येणाऱ्या मोठ्या संकटासाठी असतो. सहा महिन्यांची तपासणी आणि दात साफ करणं यांत अवचित काय आहे? बऱ्याच योजनांत प्रत्येक प्रकारच्या उपचाराला वर्षाची कमाल मर्यादा असते, खासगी बिलाचा ठरावीक हिस्साच परत मिळतो, आधीपासूनच्या तक्रारी वगळलेल्या असतात आणि दात पांढरे करून घेण्यासारखे सौंदर्योपचार धरले जात नाहीत. नुकसान अमर्याद झालं तरी भरपाई मर्यादित. त्यामुळे ही बहुतांशी भिशीच असते: आपलेच पैसे, गटातून फिरून परत. खरा विमा असतो तो तिच्या कडेच्या कलमांत. अपघातात दात तुटणं, परदेशात अचानक करावे लागणारे उपचार, तोंडाचा कर्करोग. माहितीपत्रकात तपासणीचे आकडे ठळक छापतात आणि ही कलमं मागच्या पानावर जातात. वाचणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.

मग कंपन्यांनी हा विमा द्यायचाच कशाला? त्याला एक सबळ कारण आहे. एकट्याने दातांचा विमा घेणारा माणूस बहुधा दाढ ठणकू लागल्यावरच घेतो. विमा कंपनीला ते ठाऊक असतं, म्हणून ती हप्ता चढवते किंवा थांबण्याचा काळ घालते. ऑफिसातल्या पाचशे जणांना एकदम घेतलं तर त्यात धडधाकट दातांचेही येतात, हप्ता उतरतो आणि थांबण्याचा काळ बहुधा राहत नाही. गटाचा हा फायदा करमाफीवर अवलंबून नाही. कर लावूनही तो टिकतो. म्हणून १६८ पौंडांच्या विम्यासाठी ३३ पौंड ६० पेन्स मोजायचे का, असाच प्रश्न कर्मचाऱ्याने स्वतःला विचारावा. वर्षाला दोन खासगी तपासण्या होत असतील तर उत्तर होकारार्थी आहे. एनएचएसचा डेंटिस्ट हाताशी असेल आणि दात ठणठणीत असतील, तर दरवर्षी नाव नोंदवायच्या मुदतीत ‘नको’ वर खूण करायला हरकत नाही. पगारातून रक्कम सोडून त्या बदल्यात विमा घेण्याची सोय असेल, तर तिच्यात आयकराची बचत शोधू नये. एप्रिल २०१७पासून सोडलेला पगार आणि लाभाची किंमत यांतली जी मोठी असेल तिच्यावर कर लागतो. वाचते ती फक्त नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी.

एका गटाने मात्र या किरकोळ रकमेकडे डोळे उघडे ठेवून पाहावं. ज्यांचं उत्पन्न १,००,००० पौंडांच्या आसपास आहे, त्यांचं करमुक्त उत्पन्न त्यापुढच्या दर दोन पौंडांमागे एक पौंडाने घटतं, म्हणजे १,२५,१४० पौंडांपर्यंत कराचा खरा दर ६० टक्के पडतो. त्यांना १६८ पौंडांच्या विम्याचे १०० पौंड ८० पेन्स मोजावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे एक लाखाची रेघ ओलांडली की लहान मुलांच्या पाळणाघराच्या खर्चावरची सरकारी मदत कमी होत नाही, एकदम बंद होते. ९९,९०० पौंड पगार असलेल्या माणसाला दातांचा विमा त्या रेघेपलीकडे ढकलू शकतो. लंडनमधल्या बँका आणि आयटी कंपन्यांत या पगाराचे लोक कमी नाहीत. पेन्शनमध्ये थोडी जास्त रक्कम टाकून रेघेच्या आत राहता येतं, पण त्यासाठी लाभाचा आकडा वेळेवर माहीत हवा.

आणि तोच कळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. करवर्ष ५ एप्रिलला संपतं, कंपनी पी११डी नावाचा फॉर्म ६ जुलैपर्यंत भरते आणि मग आयकर खातं कोड बदलतं. पगाराच्या स्लिपवर कर्मचाऱ्याला दिसतो तो फक्त कोड. १२,५७०मधून १६८ वजा केले की उरतात १२,४०२, त्याचे होतात १२४०. हे उलगडून पाहणारे किती असतील? विमा सोडून दिलेल्याच्या स्लिपवरही जुना कोड महिनोन्‌महिने राहू शकतो, आणि तो दुरुस्त करून घ्यायची जबाबदारी त्याच्यावरच. लाभावरचा कर दर महिन्याच्या पगारातूनच, आकडा दाखवून कापायची सोय २०१६पासून आहे, पण ती कंपनीच्या मर्जीवर आहे. ती सक्तीची करायचं सरकारने जाहीर केलं तेव्हा एप्रिल २०२६ची तारीख दिली होती. नंतर ती एप्रिल २०२७वर ढकलली. नवी पद्धत सुरू होताना काहींच्या स्लिपवर एकाच वर्षात दोन कपाती दिसतील: मागच्या वर्षाची राहिलेली बाकी कोडमधून आणि चालू वर्षाचा कर पगारातून. दोन्ही आकडे जुन्या पी११डीशी ताडून पाहावेत.